न गाळलेलं पाणी

या पोरांनो, अशी जवळ येऊन बसा. लांबनं मला ऐकू येत नाही, आणि ओरडून बोलायचं बळ आता राहिलेलं नाही. आधी तुम्हाला थोडं बोलून घेते. रजनी गेल्याला सहा आठवडे होत आले. तुम्ही तिचे विद्यार्थी, तिच्या हाताखाली रसायनं हाताळायला शिकलेले. बातमी कळल्यावर मोबाइलवर हात जोडलेली चित्रं तेवढी भराभर पाठवलीत, पण एकाचंही पाऊल माझ्या दाराला लागलं नाही. सांगलीहून एसटीनं तासभराची वाट, तीही जड झाली होय रं? म्हणून आज शोकसभेला मीच तुमच्या कॉलेजात आले. मॅडमचं घर मिरजेत होतं खरं, पण गेली नऊ वर्षं तिचं निम्मं काम माझ्या विहिरीवर चाललं होतं, हे तुम्हाला माहीत होतं.

त्या सकाळी मी द्राक्षबागेतनं येऊन पाय धूत होते. तिच्या भावाचा फोन आला, दवाखान्यातनं. "आक्का…" एवढंच म्हणाला. पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. मी तांब्या खाली ठेवला आणि तशीच पायरीवर बसले. रडू आलं नाही. नुसता थकवा आला, पेठेतनं ओझं घेऊन चालत आल्यासारखा. तो अजून उतरलेला नाही.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. रजनी मूळची रहिमतपूरची, बौद्ध घरातली, सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. आम्ही जैन, चार पिढ्या गावातच शेती. ती पहिल्यांदा आली ती पाठीवर पिशवी, आणि पिशवीत रिकाम्या बाटल्या. म्हणाली, "आक्का, तुमची विहीर चारी बाजूंनी बागेत हाय. बागंवर मोरचूद मारता, ते पावसात वाहून कुठं जातंय बघायचंय. मोरचुदात तांबं असतंय. जास्त झालं तर जमिनीतली गांडुळं मरत्यात, आन् माणसाच्या पोटातबी चांगलं न्हाई." मी म्हटलं, "चाळीस वर्षं हेच पाणी पितेय, अजून मेले न्हाई." त्यावर हसून म्हणाली, "मग तुमी माझ्या लय कामाच्या!" त्या हसण्यावरच मी भाळले. मी चौथी शिकलेली, पुढचं वाचन माझं मीच केलेलं. पण असं समोर बसून मला कुणी काही समजावलं नव्हतं.

दर महिन्याला दोन बाटल्या भरून सकाळच्या एसटीनं पाठवायच्या, असं ठरलं. जाताना बजावून गेली, "हाय तसं द्यायचं. गाळायचं न्हाई." मी व्हय म्हटलं. आणि गाळलं.

का गाळलं ते सांगते, रागवू नका. आमच्यात न गाळलेलं पाणी वापरत नाहीत. पाण्यातले बारीक जीव मरू नयेत म्हणून दुहेरी फडक्यातनं गाळायचं, मग फडकं उलटं करून त्याच विहिरीच्या पाण्यानं धुवायचं आणि ते धुवण विहिरीत परत सोडायचं. सात वर्षांची असल्यापासून हाताला तेच वळण. बाटलीत डोळ्यांदेखत जीव कोंडायचे आणि पुढं औषधांत मारायचे, हे माझ्यानं होईना. मनात म्हटलं, कापडानं तांबं कुठं अडतंय? जीव तेवढे अडतील. तिचंही काम होईल, माझंही राहील. शिवाय कळशी आधी चांगली निवळू द्यायची मी. पाहुण्याच्या हातात गढूळ पाणी कसं द्यायचं?

आता मला ठाऊक आहे, तांबं त्या गाळालाच चिकटून असतं. तेव्हा ठाऊक नव्हतं. आजूबाजूच्या सगळ्या विहिरींत तांबं निघालं, एकट्या माझ्या विहिरीत नाही. रजनी हरखून गेली. तिला वाटलं, आमच्या जमिनीतच काहीतरी आहे, तांबं धरून ठेवणारं. ते सापडलं तर गावोगावचं पाणी स्वस्तात शुद्ध करता येईल. माती नेली, दगड नेले, दिवसदिवस बांधावर बसून राहिली. वर्ष गेलं, वर दोन महिने. त्यावर तिनं मोठा लेख लिहून छापायला पाठवला…

मग एका सकाळी ती न कळवता आली. मी विहिरीवर. एका हातात तिची बाटली, बाटलीच्या तोंडाला फडकं लावलेलं. ती उभी राहिली. तोंडावरचा रंग गेला. मला वाटलं, आता पाण्याचं बोलंल. तिनं हळू आवाजात विचारलं, "आक्का, बाटलीला माझा हात लागलेला असतो… म्हणून गाळता का?"

मला क्षणभर कळेना. कळलं तेव्हा मी बाटली खाली ठेवली. ती म्हणाली, "माझी आजी विहिरीपासनं लांब घागर घेऊन उभी ऱ्हायची. कुणाला दया आली तर वरनं ओतायचं." 'छे गं, असलं काही नाही' असं म्हणायचा मला अधिकार नव्हता. आमच्या सासूबाईंच्या काळात आमच्या घरात काय चालायचं ते मी बघितलेलं आहे आणि तोंड मिटून बसलेली आहे. ते तिला तिथंच सांगितलं. मग हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, गाळून भरलेल्या घागरी दाखवल्या, नातवाच्या पाण्याचं फडकं दाखवलं. परत विहिरीवर आणून धुवण सोडून दाखवलं. तिनं सगळं बघितलं. "बरं," म्हणाली. मग पायरीवर बसली आणि डोक्याला हात लावला. "आक्का, माझं सगळं वरीस गेलं की वो."

दोन महिने ती आली नाही. फोन केला तर "कामात आहे". लेख तिनं मागं घेतला, हे मला तिच्या भावाकडनं कळलं. माझ्यावर विश्वास बसला की नाही, ते मात्र कुणाला विचारणार? जेवण जाईना मला. मग एक दिवस पिशवी घेऊन दारात हजर. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "राग तुमचा न्हाई, माझाच आला. गाळू नका म्हणून हुकूम सोडला, पण तुमी रोज पाणी कसं भरता ते एकदाबी विचारलं न्हाई. कसली शास्त्रज्ञ मी?" मी म्हटलं, "आधी च्या घे, शास्त्रज्ञ." त्या दिवसापासनं दोरी लावून पाणी ती स्वतः काढायची आणि मी तिकडं पाठ करून बसायची. "वळू का आता?" मी विचारायची. "थांबा, अजून पाप चाललंय," ती म्हणायची.

पुढं तिनं छाटणीच्या काड्यांचं काम काढलं. आम्ही त्या बांधावर पेटवून द्यायचो, गावभर धूर. ती त्या काड्या बंद डब्यात तापवून कोळसा करायची, आणि त्या कोळशातनं पाणी सोडलं की तांबं कोळशाला धरायचं. तापताना जो वायू निघायचा त्यावर चहा उकळायची. "हितलाच कचरा, हितलंच इंधन, हितलंच औषध," म्हणायची. पण कोळसा किती दिवस टिकतो, कधी बदलायचा, ते अजून ठरायचं होतं. त्यासाठी दर महिन्याचं पाणी लागत होतं, खंड न पडता. आणि तिलाच आजारानं धरलं.

शेवटचा फोन दवाखान्यातनं. आवाज पार खोल गेलेला. "आक्का, या महिन्याचं ऱ्हायलंय. मला उठवत न्हाई. तुमी भराल का… हाय तसं?" माझ्याकडनं काय मागतेय, हे तिला पुरतं माहीत होतं. "भरते," म्हटलं.

भरलं. फडकं खुंटीवर ठेवून, उघड्या डोळ्यांनी. संध्याकाळी त्या जीवांची क्षमा मागितली. बाटल्या सकाळच्या एसटीनं गेल्या, आणि पोचल्याचं तिला कळलं, असं तिचा भाऊ सांगतो. त्यानंतर आठ दिवसांनी ती गेली.

या महिन्याच्या बाटल्या पण घरी भरून ठेवल्यात. एसटीत कुणाच्या नावानं द्यायच्या तेच कळेना, आणि माझ्यानं त्या उचलून आणवल्या नाहीत. पाणी शिळं झालं की कामाचं राहत नाही, हे तीच सांगायची. मी थकले रं आता, दोरी ओढवत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी या. विहीर कुठं आहे, फडकं का आहे, सगळं विचारा, मी सांगीन. चहा घ्या, दुपारी जेवूनच जा. पण या आठवड्यातच या… उशीर करू नका.