दर रविवारी अडणारी थ्री नॉट थ्री

माझ्या वडिलांशी चार वाक्यांपेक्षा जास्त बोलायचं असेल तर आधी बंदूक विकत घ्यावी लागते, हे मला चाळिसाव्या वर्षी कॅनडात, सस्काटूनमध्ये कळलं.

तोवर आमचा फोन ठरलेला होता. "जेवलास?" "हो." "थंडी?" "आहे." की लगेच, "घे, आईशी बोल." (बाहेर उणे पस्तीस असलं तरी उत्तर 'आहे' एवढंच. वर्णनाला वावच नाही!) बाबा जिल्हा पोलीस मुख्यालयात हवालदार होते, तीस वर्षं शस्त्रागारात. रायफली साफ करायच्या, मोजायच्या, अडल्या तर सोडवायच्या. त्यांचं सगळं बोलणं तिथेच संपत असावं. घरी यायचे ते रिकामे होऊनच. इथे येऊन मला अकरा वर्षं झाली. दर रविवारी बाबांचा आवाज ऐकावासा वाटायचा, फार वाटायचा, आणि फोन लावला की 'थंडी?'

मग आमच्या रस्त्यावरचा म्हातारा डग घर विकून कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, जायला निघाला. त्याच्या बेसमेंटमध्ये सामान बघताना मला ती दिसली. लाकडी दस्त्याची, जुन्या फौजी मालातली थ्री नॉट थ्री रायफल! बाबांच्या हातात हुबेहूब हीच असायची. लायसन्स माझ्याकडे होतंच. मी इथल्या खाणीत नोकरीला; तिथल्या मित्रांच्या नादाने बंदुकीचा कोर्स केला होता. (शिकारीला एकदाच गेलो. हरणाने माझ्याकडे पाहिलं, मी हरणाकडे पाहिलं, आणि दोघंही ओशाळून घरी गेलो.)

"चालते ना?" मी विचारलं.

"फॉर्टी इयर्स, माय फ्रेंड! नेव्हर जॅम्ड वन्स!"

रायफल घरी आणून मी बाबांना फोटो पाठवला. पाचव्या मिनिटाला फोन वाजला. बाबांचा! स्वतःहून! आईला काही झालं असणार म्हणून मी उभ्याउभ्याच घामाघूम झालो.

"बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे का?" बाबा म्हणाले.

ना जेवलास, ना थंडी. बारा मिनिटं बोललो आम्ही. शेवटी नंबर जुळले, विषय संपला, आणि मला पहिल्यांदाच एखादी गोष्ट व्यवस्थित निघाल्याचं वाईट वाटलं.

दसऱ्याला साहजिकच शस्त्रपूजा. एरवी आमच्याकडे लॅपटॉप आणि कारची किल्ली पुजली जाते. यंदा पाटावर तिरकी रायफल, नळी खाली, दस्ता वर. झेंडू मिळाला नाही म्हणून ग्रोसरीतली पिवळी फुलं. आणि बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं सरकतं दार, सताड उघडा, कारण कोर्समध्ये शिकवलं होतं की बंदूक रिकामी आहे हे चारचौघांना दिसलं पाहिजे. मी पडलो नियमांचा माणूस! माझ्या बायकोने, मुग्धाने, हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या, मी फोटो काढून बाबांना पाठवला.

पुढच्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर गेलो. राउंड, म्हणजे गोळी, घातली, बोल्ट पुढे ढकलला, आणि तो बोटभर आधीच अडला. परत ढकलला. परत अडला. "डोन्ट फोर्स इट!" रेंजवरचा अधिकारी ओरडला. आजूबाजूचे चारजण जमले आणि चौघांनी पाच निदानं केली. मी खाणीत मेंटेनन्स इंजिनियर आहे. यंत्र का अडलं हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. मी रायफल गुंडाळली आणि मान खाली घालून घरी आलो.

"बाबा, बोल्ट बंद होत नाहीये."

"होत नाही?" आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. "रिकामी असताना होतो?"

"होतो."

"म्हणजे दुखणं चेंबरमध्ये आहे, राउंड बसते तिथे. घाई करू नकोस. रविवारी बघू."

त्या रविवारी बाबांनी डमी राउंड, खोट्या गोळ्या, आणवल्या. पुढच्या रविवारी दुसऱ्या कंपनीच्या. त्याच्या पुढच्या रविवारी, आतलं जुनं ग्रीस घट्ट झालं असेल म्हणून गरम पाणी, ब्रश, पुलथ्रूची, म्हणजे नळीतून चिंधी ओढायची, दोरी. मी व्हिडिओ कॉल लावून मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून किचन टेबलावर बसायचो आणि बाबा तिकडून, "चिंधी मोठी घे. अजून मोठी. अरे, नळी आहे ती, कान नव्हे!" आणि मधल्या वेळात ते बोलत होते! नळीत गांधीलमाशीने घर केलेली रायफल, परेडला झोपलेला शिपाई, सगळं. एकदा मी दोरी ओढत असताना म्हणाले, "तू झालास तेव्हा मी मतपेट्यांवर बंदोबस्ताला होतो. दोन दिवसांनी कळलं. हीच होती हातात. तिलाच सांगितलं, मुलगा झाला म्हणून." मला पुढे दोरी दिसेना.

बुधवारी मी खाणीतला बारीक टॉर्च आणून चेंबरमध्ये मारला. आत, जिथे चेंबर निमुळतं होतं त्या खांद्याशी, ग्रीसमध्ये रुतलेला, कुंकवाने लाल झालेला, दगडासारखा टणक एक दाणा!

"अगंबाई, हा तर माझ्या अक्षतांतला!" मुग्धा म्हणाली.

काडीने काढला. डमी घातली. बोल्ट लोण्यासारखा बंद झाला.

"चल, बाबांना फोन कर!"

मी केला नाही. रविवारी केला आणि सांगितलं, "अजून अडतेय." मुग्धाने पोळी लाटता लाटता माझ्याकडे असं पाहिलं की लाटणं हातात होतं याची मला भीती वाटली. त्यापुढच्या रविवारीही अडली. त्याच्याही पुढच्या रविवारी अडली!

चौथ्या रविवारी बाबांनी चष्मा काढून पुसला.

"तांदूळ काढलास का रे?"

"...कुठला तांदूळ?"

"पूजेच्या फोटोतच दिसला होता. बोल्ट उघडा, नळी उताराला, वर सूनबाईंच्या मूठभर अक्षता. मुख्यालयात दर दसऱ्यानंतर एक तरी अशी अडायचीच."

"मग पहिल्याच दिवशी सांगितलं का नाही?"

बाबांनी चष्मा परत चढवला. "सांगितलं असतं तर फोन संपला असता."

"दोघेही येडे!" मागून आईचा आवाज आला. मी बोल्ट उगाच मागेपुढे करत राहिलो. बोललो असतो तर रडलो असतो, आणि हवालदारांसमोर रडायची आमच्या घरात पद्धत नाही.

"बरं," बाबा छताकडे बघत म्हणाले, "तुझं ते बर्फ उडवायचं मशीन कसं आहे? स्नोब्लोअर?"

"उत्तम चालतंय."

"हं." बाबांचा चेहरा पडला.

"म्हणजे सुरू होतं तसं," मी घाईघाईने म्हणालो, "पण मधूनच बंद पडतं."

"असं?" बाबा सावरून बसले. "हात लावू नकोस. रविवारी बघू."

फोन ठेवला आणि मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मशीन नवंकोरं होतं, आणि वडिलांशी सारखं सारखं खोटं बोलणं काही बरं नव्हे!