मांडीतली सळई

सैन्यात मी नर्सिंग असिस्टंट होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि वाशीमला परतलो. सध्या मालेगाव-जऊळका रस्त्यावर एका पुलाचं काम चालू आहे. तिथल्या मजुरांना मी दर सोमवारी सकाळी आठ वाजता प्रथमोपचार शिकवतो. ठेकेदाराला सह्यांपुरतं प्रशिक्षण हवं होतं. मी पाऊण तास घेतो, म्हणून तो तोंड वाकडं करतो.

मजूर आसपासच्या गावांतले, तूर काढून झाली की कामावर येणारे. बोट कापलं की त्यावर चिमूटभर सिमेंट दाबायचे. ही सवय मोडायला मला दोन महिने लागले. दुसरी सवय त्याहून जुनी. शेतात तुरीचा खुंट पायात घुसला की आधी उपसायचा आणि मग हळद भरायची, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी बजावायचो, सळई घुसली तर उपसू नका, तिनेच रक्त अडवलेलं असतं. माझ्या युनिटमधला लान्स नाईक हरपाल असाच गेला, कुणीतरी त्याच्या मांडीतला लोखंडाचा तुकडा ओढून काढला होता, हेही सांगायचो. त्या सोमवारीही सांगितलं.

वर्ग झाला की प्रथमोपचाराची पेटी घेऊन मी दिवसभर कामावरच थांबतो. अकरा वीसला वॉकी-टॉकी बोलला.

"सायेब, तीन नंबरच्या पिलरवर या. माणूस पडला."

"शुद्धीवर आहे?"

"वरडून राह्यला."

"हलवू नका. अँब्युलन्स बोलवा. निघालो."

संतोष सळया बांधणारा. फळीवरून घसरून तो खालच्या उभ्या सळयांवर पडला होता. बोटभर जाडीची एक सळई उजव्या मांडीत मागून शिरून पुढे निघाली होती. दोघांनी त्याला काखेतून तोलून धरलं होतं. रक्त थोडंच होतं. त्याचा थोरला भाऊ विष्णू दोन्ही हातांनी मांडी धरून त्याला वर उचलण्याच्या बेतात होता.

"भाऊ, काढ ना रे," संतोष कण्हत होता.

"विष्णू, थांब," मी म्हटलं. "सळई खालून कापू. मांडीतली तशीच राहू दे."

"कायले थांबू? मरून राह्यला तो, दिसत नाही काय तुमाले?"

"उपसली तर मरंल."

"तुमी पुस्तकातलं सांगता."

सकाळी पहिल्या रांगेत बसून मान डोलावणारा हाच. मी साठीचा, तो तरणा गडी. झटापट केली असती तर सळई हलली असती. मी फक्त त्याच्या मनगटांवर हात ठेवले.

"हरपालच्या मांडीतला तुकडा कोनीतरी काढला, असं सकाळी सांगतलं ना?"

"मंग?"

"म्या काढला होता."

विष्णूने माझ्याकडे पाहिलं.

"तोही 'निकाल दे' म्हनत होता. मले पाह्यवलं नाही. डॉक्टर वीस मिनिटांवर होते. त्याले पाचही भेटले नाही."

विष्णूची पकड सैल झाली. त्याला घाम फुटला होता, मलाही.

"मंग मी काय करू?" त्याने विचारलं.

"खालून आधार दे. हलू देऊ नको त्याले."

घमेली वाहणारी शेवंता न सांगता पुढे आली. तिने ओढणीची घडी सळईभोवती रचली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. अगदी शिकवलं होतं तसं. संतोषच्या खाली सिमेंटच्या गोण्या रचल्या. मग मी लोखंड कापायची करवत चालवली. करवतीच्या प्रत्येक ओढीला संतोष किंचाळायचा आणि विष्णू डोळे मिटून घ्यायचा. नऊ मिनिटं लागली. बारा पाचला अँब्युलन्स सळईसकट त्याला घेऊन वाशीमकडे निघाली.

संध्याकाळी विष्णूचा फोन आला.

"सायेब, डॉक्टरनं काढली. चा मांगून राह्यला."



पुढच्या सोमवारी आठ वाजता वर्ग घेतला. हरपालची गोष्ट सांगितली, पण या वेळी 'कुणीतरी' म्हटलं नाही.  शेवंताने पाण्याचा तांब्या पुढे केला.

लान्स नाईक हरपाल, वय सव्वीस. हसरा, माझ्या वाटणीचा गूळ पळवणारा. त्याच्या आईला मी पत्रात लिहिलं होतं, जखम मोठी होती, इलाज नव्हता. इलाज होता, माई. मी हात लावायला नको होता.