मार्लबरोला कसला वास येतो

तोआ पायोहमधल्या त्या ऑफिसात मला नोकरी लागली ती एका गैरसमजातून. मुलाखतीत विचारलं, द्राक्षांची काही माहिती आहे का? मी म्हटलं, माझं सगळं लहानपण द्राक्षांतच गेलं. ते खोटं नव्हतं. आम्ही तासगावचे. वडील बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर मॅनेजर होते आणि शाळेची वाट बागांमधूनच जायची. पण मुलाखत घेणाऱ्या बॉसनं त्याचा अर्थ असा घेतला की मला वाईन कळते.

बॉस म्हणजे पासष्टी उलटलेले चिनी गृहस्थ. तीस वर्षं न्यूझीलंडहून वाईन मागवून ते इथल्या हॉटेलांना पुरवत होते. ऑफिसात सगळे त्यांना बॉसच म्हणत, मीही तेच म्हणू लागले. नवऱ्याच्या नोकरीमागे या परक्या देशात येऊन मी डिपेंडंट पासवर क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं बसून काढली होती. नवरा सकाळी वन-नॉर्थला ऑफिसात जायचा, मुलगी शाळेत. मिळालेली नोकरी सोडायचं जिवावर आलं, म्हणून मी गैरसमज दूर केला नाही. आईला फोनवर सांगितलं की द्राक्षांच्या कंपनीत लागले आहे.

पहिल्याच आठवड्यात बॉसनी भिंतीवरच्या नकाशासमोर मला उभं केलं आणि न्यूझीलंडची यादी यापुढे तू सांभाळायची, असं सांगितलं. तिथून माझा गोंधळ सुरू झाला. त्या देशात दक्षिणेकडे जावं तसं थंड होत जातं. ऊन उत्तरेकडच्या उतारावर पडतं. वरच्या बेटावर हॉक्स बे, तिथे ऊब जास्त, म्हणून मर्लो आणि सिराह ही काळी द्राक्षं पिकतात. खालच्या बेटाच्या वरच्या टोकाला मार्लबरो. दिवसा लख्ख ऊन, रात्री गारठा, त्यामुळे तिथल्या सोव्हिन्यॉ ब्लाँ या पांढऱ्या वाईनचा आंबटपणा टिकून राहतो. आणखी खाली, डोंगरांच्या आत, सेंट्रल ओटागो. तिथे पिनो न्वार ही लाल वाईन. काढणी मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे बेदाण्याच्या शेड तासगावला भरलेल्या असायच्या तेव्हाच. पण आमच्याकडे तो उन्हाळा आणि त्यांच्याकडे पानगळ. आमची वेल वर्षातून दोनदा छाटतात, ती कधी झोपत नाही. तिथली हिवाळाभर निजते. मी हे सगळं वहीत लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी उत्तर-दक्षिण पुन्हा उलटी करून बसायचे. खिडकीबाहेर बारा महिने तोच दमट उकाडा. थंड हवामान हा शब्द मी रोज टाइप करत होते, पण तो अंगाला कुठे लागत नव्हता.

त्याहून अवघड होते वास. जुन्या कॅटलॉगमध्ये मार्लबरोच्या प्रत्येक बाटलीपुढे ‘गूजबेरी’ लिहिलेलं. शाळेत गूजबेरी म्हणजे आवळा असं शिकवलेलं. मी पेल्यात नाक खुपसून आवळा शोधत राहिले. शेवटी टेक्का मार्केटमधून चार आवळे आणून टेबलावर ठेवले आणि बॉसना विचारलं, यात आणि त्यात सारखं काय आहे?

बॉसनी एक आवळा उचलून बघितला. ती गूजबेरी वेगळी, विलायती, म्हणाले. ती तुम्ही खाल्ली आहे का, असं मी विचारलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. तीस वर्षं तो शब्द लिहीत होते, फळ पाहिलेलं नव्हतं.

मग त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला. “पुस्तकातलं नको. तुला कसला वास येतो ते सांग.”

मी सांगितलं, कैरीचा देठ मोडल्यावर चीक येतो तसा. आणि खाली थोडी ओली पाटी, शाळेतली. त्यांनी ते इंग्रजीत पुन्हा पुन्हा विचारून लिहून घेतलं. त्या दिवसापासून तो नेमच झाला. सकाळी मी तीन पेले भरायचे, चवीपुरता घोट घेऊन थुंकायचे, काय वाटलं ते सांगायचे. ते डोळे मिटून ऐकायचे. मला कळेना की ते माझी परीक्षा घेत आहेत की चेष्टा करत आहेत. नवऱ्याला सांगितलं तर त्याच्या मते म्हातारा मला शिकवत होता. पण शिकवणारा कधीतरी चुकलीस म्हणतो. हे कधीच म्हणत नव्हते.

एका मंगळवारी मी पेले भरताना घोटाळा केला. पहिल्या पेल्यात मार्लबरो हवी होती, तिथे हॉक्स बेची शार्डोने, तीही पांढरीच, ओतली. रंग दोन्हींचा सारखाच फिकट. बॉसनी पहिला पेला उचलला, हुंगला आणि म्हणाले, “मार्लबरो. नेहमीसारखा हिरवा वास.” मी हुंगला तर त्यात लोणी आणि ओलं लाकूड. माझंच नाक बिघडलं असं वाटून मी घाबरले. पँट्रीत जाऊन बाटल्या पाहिल्या. ओतण्यात चूक माझी होती, पण नाक बरोबर होतं. मग त्यांना काय झालं होतं? सांगावं तर त्यांचा अपमान, न सांगावं तर कॅटलॉगमध्ये चूक जाणार.

शुक्रवारी ते मला हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, जेवायला घेऊन गेले. स्वतःच्या नूडल्सवर चमचा चमचा मिरची ओतत होते. मी वाक्य जुळवत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, “मंगळवारी पेले उलटे भरलेस. नंतर बाटल्यांवरून समजलं मला.”

मी माफी मागायला लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं.

“मागच्या वर्षी ताप आला, त्यात माझं नाक गेलं. बायकोलाही सांगितलेलं नाही. बाकीचे मला पुस्तकातले शब्द सांगतात, ते मला पाठ आहेत. तुझं ऐकलं की काहीतरी आठवतं.”

काय आठवतं ते त्यांनी सांगितलं नाही. कैरीच्या चिकानं तोआ पायोहच्या माणसाला काय आठवणार, हे मला आजही उमगलेलं नाही. मी कोणालाही सांगणार नाही, एवढं मात्र मी म्हटलं. नवऱ्यालासुद्धा कितीतरी महिने सांगितलं नाही.

पुढचं वर्षभर कॅटलॉग आम्ही दोघांनी लिहिला. ओटागोच्या पिनोला मी भिजवलेली आमसुलं म्हटलं, त्यांनी आंबट चेरी लिहिलं. हॉटेलातल्या शेफ मंडळींपुढे बोलायलाही त्यांनी मलाच उभं केलं. साडी नेसून वाईनबद्दल बोलणारी बाई पाहून लोक जरा चमकायचे. गूजबेरी म्हणजे नक्की काय, असं एकानं विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं की मीही पाहिलेली नाही. तो हसला आणि त्याने दोन पेट्या मागवल्या.

मग एका सकाळी बॉस लवकर आले. त्यांना वास यायला लागला होता. मला फार आनंद झाला, पण त्यांच्या चेहऱ्यावर तो नव्हता. त्यांनी पेला पुढे केला. मी म्हटलं, पॅशनफ्रूट. ते म्हणाले, त्यांना रबर जळल्यासारखा वास येतोय. कॉफीला तसाच, भाताला तसाच, बायकोच्या साबणालाही. डॉक्टर म्हणाले होते, नाक परतताना असं वाकडं परततं, कधी सुधारतं, कधी नाही.

“आता खरं कोणाचं?” त्यांनी विचारलं.

तुमचंही खरंच आहे, मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वर्षअखेरीला त्यांनी धंदा दुसऱ्या एका आयातदाराकडे सोपवला आणि त्या यादीबरोबर माझीही नोकरी तिकडे गेली. तिथे सगळे गूजबेरीच लिहितात, मीही लिहिते. बॉस अधूनमधून दुपारी फोन करतात, यंदाची मार्लबरो कशी आहे विचारतात. मी सांगते, ते ऐकतात. पण सांगताना मध्येच थबकते. हे मला पेल्यात सापडलं, की त्यांना आवडेल म्हणून मी सांगतेय, ते मला नक्की सांगता येत नाही.