झाकणावर नाव कोरत नाहीत

साहेबांनी भर ऑफिसात माफीनामा मागितला, तेव्हा लातूरच्या त्या कंपनीत मला पाच महिने झाले होते. सहाव्या महिन्यात कायम करणार होते. लिहिला नाही, तर परत लोह्याला, आईबापाच्या घरी.

आम्ही देवणी जातीच्या गायींची नोंद एक्सएमएल फाइलींत करायचो, प्रत्येक माहितीला टॅग म्हणजे नावाची चिठ्ठी लावून. फाइल माझी, वाचणारा प्रोग्राम साहेबांचा. वरच्या टॅगमध्ये एकदा नेमस्पेस, म्हणजे टॅगांचं आडनाव, लिहिली की आतले साधे टॅग आपोआप तिचेच होतात. ‘गाय’ हा टॅगही झाला. गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मात्र त्या टॅगचा अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे टॅगलाच जोडलेली माहिती, होता. पाहुणे तपासणीला आले, पडद्यावर गायी सगळ्या आल्या आणि नंबर एकीचाही नाही. “हिची फाइल चुकलीय,” साहेब सांगून मोकळे झाले.

माझं डोकं फिरलं. रागावले की माझ्या तोंडी गावाकडचीच भाषा येते.

“सर, फाइल बरोबर हाय. तुमी नंबरबी नेमस्पेस लावून हुडकायलात. अ‍ॅट्रिब्यूटला वरची नेमस्पेस लागत न्हाई.”

“वरची सगळ्यांना लागते. प्रत्येक नंबराआधी नेमस्पेसची खूण लाव. आणि माफीनामा दे.”

खूण लावली असती तर त्यांचा प्रोग्राम चालला असता. पण बरोबर फाइल मी का बिघडवू?

आमच्या गावात लग्नाच्या पंगतीला घरोघरची पातेली गोळा होतात. पातेल्यावर घराचं नाव कोरलेलं असतं, झाकणावर कुणी कोरत नाही. झाकण ज्या पातेल्याचं, त्याच्याबरोबर घरी जातं. पंगत उठल्यावर ती वाटायचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं. नाव कोरलेलं झाकण शोधणारा रिकाम्या हातानेच घरी जाणार. साहेबांनी बहुतेक पातेली कधी परत केलीच नसावीत.

त्यांनी पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर मी त्यांच्याच प्रोग्रामची ओळ लिहिली, नंबरापुढची नेमस्पेस खोडून. म्हटलं, “हे चालवून बघा. मग माफी कुणी मागायची ते ठरवू.”

पाहुणे बघत होते, त्यामुळे चालवावंच लागलं. गायींपुढे नंबर आले. पाहुणे चहा पिऊन गेले. पुढच्या महिन्यात मी कायम झाले.

तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. खाली सहीची जागा मी साहेबांसाठी सोडली होती. ती अजून रिकामी आहे.