म्हशीला लोन आहे, पट्टीला नाही

दूध तापवलं की साय धरते आणि सरकारी मदतीच्या मागे लागलं की किस्से धरतात. परवा मंचरला एका लग्नात कॉलेजची मैत्रीण भेटली. म्हणाली, “स्टार्टअप ना तुझं? मग काय बाई, सरकार तर पैसे वाटत सुटलंय!” मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि तिला सांगायला सुरुवात केली. तिचं आइस्क्रीम वितळलं, नवरानवरी स्टेजवरून उतरली, तिचा नवरा गाडी काढून हॉर्न वाजवायला लागला, तरी माझं संपेना. शेवटी ती पळाली. उरलेले आता तुम्ही ऐका.

आधी आम्ही कोण ते सांगते. माझं माहेर शिनोलीचं. वडील नोकरीत, आई घरी दोन गाई सांभाळायची. त्यातल्या एकीला दगडी झाली. म्हणजे कास सुजून दगडासारखी होते, दूध नासतं, आणि वेळेत कळलं नाही तर सड, म्हणजे आचळ, कायमचा जातो. आमच्या गाईचा एक गेला, मग दुसरा गेला, मग गाय गेली, मिळेल त्या भावात. आई त्या दिवशी जेवली नाही. मी तेव्हा पुण्यात एका औषध कंपनीत माणसांच्या टेस्ट बनवत होते. म्हटलं, आपण काय करतोय?

तर आम्ही बनवली एक कागदी पट्टी. दुधात बुडवायची. पिवळीच राहिली तर गाय ठीक, हिरवी झाली तर दगडी येतेय. कास सुजायच्या आधीच कळतं.

आम्ही म्हणजे मी आणि डॉ. बिरू. बिरू जनावरांचा डॉक्टर. घरी अजून मेंढरं आहेत. आवाज माळावरून हाक मारत घडलेला, त्यामुळे मीटिंगमध्येसुद्धा त्याला हळू बोलता येत नाही. तिसऱ्या सुरेखाताई. त्या पट्ट्या कापतात, पाकिटं भरतात, आणि आम्ही दोघं ऑफिसांचे उंबरे झिजवत असतो तेव्हा कंपनीही चालवतात.

*

पहिली पायरी बँक. मॅनेजर अगदी सज्जन माणूस. चहा मागवला, मग विचारलं, “तारण काय देताय?”

“सर, पेटंट आहे.”

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “याचा सातबारा?”

“सर, ही बौद्धिक संपदा आहे.”

“ते कळलं हो. पण याच्यावर बोजा कसा चढवायचा?”

बिरूला राहवेना. चहाबरोबर वेगळं दूध आलं होतं, त्याने त्यातच पट्टी बुडवली. पिवळीच राहिली. मॅनेजर खूश! “वा! आमचा दूधवाला चांगला निघाला.” मग खुर्ची पुढे ओढून आपुलकीने म्हणाले, “मॅडम, मनापासून सांगतो. तुम्ही म्हैस घ्या. म्हशीला लोन आहे, लगेच करून देतो.”

“सर, आम्हाला म्हैस नकोय. आम्हाला म्हशीची टेस्ट बनवायचीय.”

“मी तरी दुसरं काय म्हणतोय? म्हैस घ्या, आणि करा की टेस्ट!”

*

मग राज्याची योजना आली. नव्या कंपन्यांना अनुदान. पोर्टलवर लॅबच्या जागेचा दाखला मागितला होता. आमची लॅब म्हणजे मामांचा जुना गोठा, घोडेगावच्या पुढे. आता आत फरशी आहे, एसी आहे, भिंती पांढऱ्याशुभ्र आहेत. पण ग्रामपंचायतीच्या दप्तरी तो गोठाच! मुंबईहून शेरा आला, “गोठ्यात निदान-साहित्य कसे तयार करता, खुलासा करावा.”

ग्रामसेवक म्हणाले, नोंद बदलायची तर ठराव पाहिजे, ठरावाला ग्रामसभा पाहिजे. ग्रामसभा भरली. बिरूने माइक न घेता सगळं समजावून सांगितलं. एक आजोबा उठले. “प्रयोगशाळा म्हंजी रगात तपासनार ना? मंग आधी माजी शुगर बघा.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून लॅबच्या दारात उपाशीपोटी माणसं. सुरेखाताई एकेकाला सांगून दमल्या, “आवो, हितं फकस्त गाईचं बघत्यात!” तर एक मावशी म्हणाल्या, “मंग मला गाय समजून बघा की!”

ठराव एकमताने मंजूर झाला. शिक्क्यानिशी दाखला हातात आला. आम्ही उघडला. ‘गोठा’ खोडलं होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं, ‘गोठ्याची प्रयोगशाळा’.

ग्रामसेवक म्हणाले, “दोनी बाजूंचा मान राखलाय, मॅडम.”

*

तो दाखला चालला! कसा ते विचारू नका. आम्हाला पुण्याला समितीसमोर बोलावलं. समोर पाच-सहा जण बसलेले, बहुतेक सगळे सॉफ्टवेअरवाले. मी पट्टी दाखवली, दुधाच्या दोन बाटल्या नेल्या होत्या, एकीत पट्टी पिवळी, दुसरीत हिरवी. सगळ्यांनी मान डोलावली.

“छान. पण अ‍ॅप कुठंय?”

“सर, अ‍ॅपची गरज नाही. रंग डोळ्यांना दिसतो.”

“ते ठीक आहे. पण यात टेक्नॉलॉजी काय?”

मी त्या पट्टीच्या रसायनासाठी किती प्रयोग केले होते, ते माझं मला माहीत. पण बिरूने माझ्या पायावर पाय दिला आणि म्हणाला, “अ‍ॅप येतंय सर. शेवटच्या टप्प्यात आहे.”

बिरूच्या भाच्याने ते करून दिलं. उघडलं की एकच प्रश्न येतो, ‘रंग बदलला का?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’. ‘हो’ दाबलं की उत्तर येतं, ‘डॉक्टरांना बोलवा.’

पट्टीला आम्हाला काठावरचे मार्क मिळाले. अ‍ॅपला सगळ्यात जास्त!

*

निवड झाल्यावर सत्कार. मंच, फुलं, आणि मिठी मारली तरी हातात मावणार नाही एवढा पुठ्ठ्याचा चेक. फोटो झाले. संयोजक म्हणाले, चेक घेऊन जा, पुढच्या कार्यक्रमाला वेगळा छापतो.

आम्ही आलो होतो एसटीने. वाकडेवाडीला गाडीत चढलो, तर चेक कुठे बसेना. वरच्या रॅकवर वाकायला लागला, म्हणून बिरूने तो सीटच्या मध्ये उभा धरला. राजगुरुनगरपर्यंत मागचे लोक रक्कम मोठ्याने वाचत होते. कंडक्टर आला, चेककडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. “येवढा मोठा चेक, आन प्रवास एष्टीनं?”

“खोटा आहे हो तो,” मी म्हटलं. “खरा नंतर येणार आहे.”

“खरा-खोटा आमाला काय करायचंय? लगेज हाय.” त्याने मशीन काढलं. “मॅडम, तुमचं हाफ. चेकचं फुल!”

*

खरे पैसे मात्र अडले. एक पत्र आलं की पैसे योग्य कामी खर्च केल्याचं प्रमाणपत्र द्या, म्हणजे पैसे सोडू. मी फोन केला. “अहो, पैसे आलेच नाहीत, तर खर्च कसे करू?” पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “सगळे असंच विचारतात.”

ते कसंबसं मिटलं, तर पुढचं निघालं. विक्रीचा परवाना दाखवा.

औषधांच्या ऑफिसात गेलो. म्हणाले, जनावराचं आहे, आमच्याकडे येत नाही. जनावरांच्या ऑफिसात गेलो. म्हणाले, गाईला टोचता का? नाही? पाजता का? नाही? दुधात बुडवता? मग ते अन्न झालं. अन्नाच्या ऑफिसात एक बाई होत्या. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “पट्टी बुडवलेलं दूध पिणार का?”

“नाही मॅडम, टाकून देणार.”

“मग ते अन्न कुठं राहिलं?”

पुन्हा पहिल्या ऑफिसात. साहेब म्हणाले, “तुम्हाला परवाना लागतच नाही.”

“मग तसं लिहून द्या सर.”

“जे लागतच नाही, ते लिहून कसं देणार?”

माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. म्हणाले, “असं करा, परवान्यासाठी अर्ज करा. मी फेटाळतो. फेटाळला की लेखी मिळेल.”

आम्ही अर्ज केला. त्या आशेवर किती दिवस काढले! अजून फेटाळला नाहीये. विचाराधीन आहे!

*

कुणीतरी म्हणालं, सरकार सोडा, गुंतवणूकदार गाठा. पुण्यात एका काचेच्या इमारतीत वेळ मिळाली. तरुण मुलं होती, हुशार होती, सगळं भराभर विचारत होती. मी आकडे सांगत होते, बिरू गाई सांगत होता. आमचं जमत चाललंय असं वाटायला लागलं.

शेवटी त्यातला एक मागे रेलून म्हणाला, “ओके. आणि तुमचा एक्झिट प्लॅन काय?”

म्हणजे कंपनी मोठी झाल्यावर त्यांनी आपले पैसे काढून घेऊन बाहेर कसं पडायचं, असा त्याचा प्रश्न. बिरूने घड्याळ बघितलं.

“साडेपाचची नारायणगाव गाडी. ती चुकली तर पुढची घोडेगाव गाडी जाते, मंचरलाच मुक्काम!”

ते सगळे पोट धरून हसले. त्यांना वाटलं जोक केला. बिरू लिफ्टमध्ये मला विचारत होता, “हसले कशाला गं? चुकली आपली एष्टी!”

*

आणि मग तो फोन. मी लॅबमध्ये होते. योजनेच्या ऑफिसातली मुलगी, आवाज फार गोड.

“मॅडम, अभिनंदन!”

मी हातातलं सगळं खाली ठेवलं. सुरेखाताईंना खुणेने जवळ बोलावलं, फोन स्पीकरवर टाकला.

“पोर्टलवर तुमचा टप्पा बदललाय. कंपनीला ठरलेली वर्षं पूर्ण झाली ना, त्यामुळे तुम्ही आता स्टार्टअप राहिला नाहीत. ग्रोथ स्टेजला गेलात!”

“म्हणजे पैसे येणार?”

“नाही, ते स्टार्टअपसाठी असतात.”

“अहो, पण वर्षं तुमच्याच ऑफिसात गेली आमची!”

“हो मॅडम, ते मी समजू शकते.”

“मग ग्रोथवाल्यांसाठी काय आहे?”

“खूप चांगली योजना आहे मॅडम! फक्त आधीच्या योजनेचे पैसे मिळाल्याचा पुरावा जोडायचा.”

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. बिरू दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, “आपण वाढलो कधी?”

सुरेखाताई पट्ट्या कापता कापता म्हणाल्या, “मला इचारा की. माजा पगार वाढला न्हाई. म्हंजी कंपनी बी वाढली न्हाई.”

*

त्यानंतर आम्ही ठरवलं, आता कुणाच्या दारात जायचं नाही. आहे तो माल विकायचा, सुरेखाताईंचा पगार द्यायचा, आणि नाही जमलं तर गपचूप कुलूप लावायचं. बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजारात टेबल टाकलं, मागे बॅनर लावला.

सकाळभर कुणी फिरकलं नाही. मग डिंभ्याकडचं एक जोडपं आलं. समोरच बबनशेठ म्हणून मोठा व्यापारी होता, त्याची एक देखणी, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची बांडी गाय त्यांनी पसंत केली होती. रुमालाखाली बोटं धरून भावही ठरत आला होता. तेवढ्यात ती बाई म्हणाली, “थांबा, ह्या ताईंची पट्टी बुडवून बगू.”

बिरूने चारी सडांची धार काढली. तीन पट्ट्या पिवळ्या राहिल्या. चौथी हिरवीगार!

बाईने रुमालाखालून नवऱ्याचा हात ओढून काढला. “आपल्याला नको. चला.”

बबनशेठ पेटला. “ओ डॉक्टर! आख्खी हयात बाजारात गेली माजी, आन कागदाच्या कपट्यानं येव्हार मोडला? उचला तुमचं दुकान!”

“शेठ, पट्टी खोटी असंल तर तो सड पिळून दाखवा, नासकं निघतंय का बघू!” बिरू ओरडला. पिळला कुणीच नाही. पण दहा-बारा व्यापारी भोवती जमले, कुणीतरी मागून बॅनर टराटरा फाडला, टेबल कलंडलं. मी मातीतल्या पट्ट्या वेचायला लागले, तर बिरूने माझा दंड धरून उठवलं. “राहू दे. चल.”

आळेफाट्याला चहाला थांबलो. चहा तसाच गार झाला. बिरू कधी नव्हे ते हळू आवाजात बोलत होता. “मी पुन्हा प्रॅक्टिस सुरू करतो. तू पुण्याला जा. तुला कुणीबी घेईल.” मला नाही म्हणायचं होतं, पण कशाच्या जोरावर म्हणणार?

तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला. बबनशेठ उतरला. बिरू उठून उभा राहिला, बाह्या सारल्या.

“बसा डॉक्टर, बसा.” शेठने स्वतःच बाकडं ओढलं. “पट्ट्या किती उरल्यात?”

“कशाला? जाळायला?”

“सगळ्या द्या.”

शेठने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “इकताना न्हाई वो. घेताना लागत्यात. मी बी गाया इकतच घेतो ना! लोकं मला किती येडा बनिवत्यात, तुमाला काय म्हाईत?” पैसे टेबलावर ठेवले, खोका उचलून सीटखाली सरकवला आणि जाता जाता म्हणाला, “आन दुसऱ्या येपाऱ्यांना बोलू नका.”

संध्याकाळी एका व्यापाऱ्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांचे. प्रत्येकाला पट्ट्या हव्या होत्या आणि प्रत्येकाचं एकच, बबनशेठला कळू देऊ नका! सुरेखाताईंच्या हाताखाली आणखी दोघीजणी घ्याव्या लागल्या.

शेवटचा फोन आला, तो आवाज ओळखीचा वाटेना.

“ताई, त्या दिशी तुमचा ब्यानर मीच फाडला. लई वाईट वाटलं बगा मागनं.”

“असू द्या हो भाऊ. नवा करू आम्ही.”

“आवो, न्हाई, न्हाई!” तो घाईघाईने म्हणाला. “दोन खोके पाठवा. पन नवा ब्यानर मातुर लावू नका!”