शेजारच्या काकूंचा फोन

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटून राहिली आहे.

मी घरी बसून परदेशी वेबसाइटसाठी लिहितो. दुपारी इंग्लंडच्या समुद्रकाठच्या एका मतदारसंघाची माहिती लिहीत होतो. तिथे म्हातारी माणसं जास्त, पोरं बाहेरगावी, कितीतरी जण एकटेच राहतात.

तेवढ्यात आमच्या मुर्री गावातल्या शेजारच्या काकू आल्या. त्याही एकट्याच.

"बाबू, पोराले फोन लावून दे ना."

"काम सुरू आहे काकू, संध्याकाळी या," मी मान वर न करताच म्हणालो.

संध्याकाळी मीच गेलो. सकाळी न्हाणीत पडून त्यांचा हात सुजला होता.

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तू कामात होता ना बाबू."

दवाखान्यात प्लास्टर घातलं. मग मुलाला फोन लावून दिला. "बाबूनंच नेलं रे दवाखान्यात," काकू त्याला कौतुकानं सांगत होत्या. मला तिथे उभं राहवेना.

आज तुम्ही कोणाला "नंतर या" म्हणालात?