सरावाच्या बाहुलीची छाती

आमच्या ताई, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, एकतीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होत्या. लग्न केलं नाही. आमच्याच घरी मागच्या खोलीत राहतात. नखं मुळापर्यंत कापलेली, हातात काही नाही, घड्याळ तेवढं गणवेशाच्या छातीवर उलटं टाचलेलं. घरात कोणी "एक मिनिट हं, आले" म्हणालं की त्या चिडायच्या. "मिनिटात काय काय होऊन जातं ठाऊक आहे का?" लगेच आमचे हे म्हणायचे, "झालं! घड्याळबाई सुरू झाल्या." हे नाव वॉर्डातल्या मुलींनी ठेवलेलं. ते घरापर्यंत आलं आणि ताईंनाही ते मनातून आवडत असावं.

गेल्या वर्षी जे घडलं ते लोक एका वाक्यात सांगतात, 'एका पोरीच्या हलगर्जीपणानं बाळ गेलं.' ते खरं नाही, म्हणून मी माझ्या रोजच्या टिपणांच्या वहीतून हे नीट काढून लिहिते आहे.

जन्मलेलं बाळ कधीकधी रडतच नाही, श्वासच घेत नाही. मग त्याच्या नाकातोंडावर छोटा मास्क बसवून, हातातली फुग्यासारखी पिशवी दाबून त्याला हवा द्यावी लागते. एवढंसं काम, पण मास्क केसभर हलला तरी हवा बाहेर जाते. म्हणून नर्स कितीही जुनी असो, दर महिन्याला रबरी बाहुलीवर तिचा सराव व्हायचाच. तो ताई घेत. बाहुलीला मुली ठकी म्हणायच्या. मास्क नीट बसला की ठकीची छाती वर यायची, चुकला की नाही. ताईंचं एकच पालुपद, "हाताकडे बघू नका गं, छातीकडे बघा."

बाळ गेलं त्याच्या दीडएक वर्ष आधी ठकीच्या आतली हवेची पिशवी फाटली. मास्क कितीही छान बसवा, छाती काही हलेना. ताईंनी सरावाच्या रजिस्टरात तीन महिने 'बाहुली नादुरुस्त' असं लिहिलं. नवी आली नाही. कार्यालयातून आला तो निरोप, की नादुरुस्त साहित्यावरचा सराव धरला जाणार नाही. म्हणजे मुलींच्या नावापुढे कोरं दिसणार आणि त्यांची बढती अडणार. चौथ्या महिन्यात ताईंनी 'सुस्थितीत' लिहिलं आणि सराव चालू ठेवला. मुली विचारायच्या, "मॅडम, हिची छाती तर मेलीच आहे, कळणार कसं?" ताई म्हणायच्या, "वर आली असं धरून चाल. मिनिटाला चाळीस, मोजणी चुकवू नकोस."

असे चौदा महिने गेले.

त्याच काळात वॉर्डात सगळ्यांत धाकटी एक नर्स आली होती. एका जागी उभी राहायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत. मास्क धरायला ती शिकली ती ह्याच फाटक्या ठकीवर. मोजणीत तिचा हात कोणी धरू शकत नसे. ताई घरी येऊन कौतुक करायच्या, "पोरगी यंत्रासारखी मोजते गं वहिनी."

एका दुपारी तीन बाळंतपणं एकदम आली. ताई एका खोलीत, डॉक्टर दुसरीकडे, आणि भिंगरीच्या हातात न रडणारं बाळ. तिनं मास्क लावला आणि हवा द्यायला लागली. चाळीसच्या चाळीस, ठेक्यात. मास्क हनुवटीशी उचललेला होता आणि छाती हलत नव्हती. तीन मिनिटांनी डॉक्टर धावत आले, मास्क सरकवून घट्ट बसवला, आणि छाती वर आली. पण उशीर झाला होता. बाळ तिसऱ्या दिवशी गेलं.

चौकशीला तिघं बसले होते: मोठे डॉक्टर, मेट्रन आणि कार्यालयातले एक गृहस्थ. त्यांनी भिंगरीला विचारलं, "छाती हलत नव्हती, दिसलं नाही तुला?"

"दिसलं."

"मग मास्क पुन्हा का नाही बसवला?"

"मी मोजत होते, सर."

हे उत्तर ऐकून मेट्रननी कपाळावर हात मारला. रजिस्टरात तर भिंगरीचा सराव दर महिन्याला, न चुकता, सुस्थितीतल्या बाहुलीवर झालेला. तेव्हा दोष पोरीचाच ठरणार, तिची नोकरी आणि नर्सिंगचा परवाना दोन्ही जाणार, हे उघडच होतं. शेवटची बैठक सोमवारी होती.

ताई घरी आल्या त्या चपलांसकट स्वयंपाकघरात. त्यांचं असं कधी होत नाही. म्हणाल्या, "वहिनी, ती पोरगी खरं बोलली. हलत नसलेल्या छातीकडे बघत मोजत राहायचं, हे तिला मीच शिकवलं. चौदा महिने."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी ओट्यावरची बाळाएवढी पिठाची पिशवी जवळ ओढली, तिच्यावर वाटी मास्कसारखी पालथी धरून नुसतं मोजत राहून दाखवलं, तेव्हा उमगलं.

ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "तू गप्प बस. बाहुली मागितलीस की नाही तीनदा? त्यांनी दिली नाही. तुझे राहिलेत पंधरा महिने. पेन्शन तोंडाशी आलंय आणि तू आपल्या हातानं..."

"सुस्थितीत कोणी लिहिलं?"

"सगळेच लिहितात."

"सगळ्यांच्या वॉर्डात बाळ गेलं का?"

मीही त्या वेळी ह्यांचीच बाजू घेतली, हे लपवत नाही. म्हटलं, "ताई, बाळ काही परत येणार नाही. देव तुमच्या मनातलं जाणतो." ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "देव जाणतो गं. मेट्रन नाही ना जाणत."

सोमवारी त्या तिघांपुढे उभ्या राहिल्या आणि फाटकी ठकीच टेबलावर नेऊन ठेवली. कार्यालयातले गृहस्थ म्हणाले, "बाई, हे तुम्ही आत्ता सांगताय? रजिस्टरावर तुमचीच सही आहे."

"माझीच आहे. म्हणून तर मीच सांगतेय. मोठ्या डॉक्टरांनी एकदा हिला हवा देऊन बघावी."

डॉक्टरांनी पाच-सहा वेळा पिशवी दाबली. मास्क अगदी पक्का होता. मग त्यांनी तो काढून ठेवला आणि रजिस्टर मिटलं.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. भिंगरीला समज देऊन कामावर ठेवलं. ताईंना वॉर्डातून आणि शिकवण्यातून काढून चादरींच्या कोठीवर पाठवलं. दोन नव्या बाहुल्या आठवड्याच्या आत आल्या. ताईंनी हे सांगताना भाजी निवडणं थांबवलं नाही. फक्त म्हणाल्या, "पोरगी राहिली. बस झालं."

महिन्याभरानं एका संध्याकाळी भिंगरी घरी आली. मी चहा ठेवला. ती खुर्चीच्या कडेला बसली, अजिबात न हलता. ताईंनी विचारलं, "नव्या बाहुलीवर सराव केलास का?"

"केला. छान होतो."

"मग?"

"मॅडम, मी राजीनामा दिलाय."

ताईंचा चेहरा उतरला. "अगं, तुला ठेवलंय ना त्यांनी?"

"ठेवलंय हो. पण काल एक बाळ झालं, ठणठणीत, टाहो फोडत होतं. आणि मी त्याची छाती बघत उभी राहिले. वर येतेय, खाली जातेय. आईला द्यायचंच विसरले. ती बिचारी ओरडायला लागली, काय झालं माझ्या बाळाला, म्हणून." मग म्हणाली, "रोज असंच होतं."

"थोडे दिवस थांब. जाईल ते."

"तुमचं गेलं?"

ताईंनी मानेनंच नाही म्हटलं. खोटं बोलल्या असत्या तर कदाचित ती थांबली असती. पण तेवढं एक त्यांना त्या सोमवारनंतर जमेनासं झालं आहे. चहा तसाच राहिला. भिंगरीनं वाकून नमस्कार केला तर ताई पाय मागे ओढून घेत म्हणाल्या, "नको, नको गं बाई." तिच्यामागे त्या अनवाणीच जिना उतरून गेल्या. किती तरी वेळ वर आल्या नाहीत.

आता ती एका दुकानात चष्मे विकते असं ऐकलं. ताई सकाळी आठला जातात, चादरींच्या घड्या मोजून देतात, पाचला येतात. त्या दिवशी, भिंगरी गेल्यावर, मी देवापुढे बसले होते. ताई दाराशी उभ्या राहिल्या.

"माझ्यासाठी मागतेयस का?"

"तुमच्यासाठी आणि त्या पोरीसाठी."

"आमच्यासाठी नको, वहिनी," त्या म्हणाल्या. "त्या बाळाच्या आईसाठी माग. तिला अजून कोणी जाऊन सांगितलेलं नाही, नक्की काय झालं ते."

आणि खोलीत जाऊन त्यांनी मेट्रनना चिठ्ठी लिहायला घेतली, त्या बाईचा पत्ता मागणारी.